निघून न जाण्याचे व्रत

दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरात क्विंटस नावाचा एक ख्रिस्ती माणूस आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. इतरांनाही त्याने तसेच करायला लावले. पण रिंगणातले हिंस्र पशू दिसताच त्याचा धीर सुटला आणि रोमन देवांना नैवेद्य दाखवून तो मोकळा झाला. त्याच शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहाखातर आधी शेतावर जाऊन लपले. शिपाई आले तेव्हा पॉलिकार्प यांनी त्यांना जेवू घातले, प्रार्थनेला तासभर मागून घेतला आणि मग त्यांच्याबरोबर गेले. हा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी स्पष्टच बजावले आहे, की स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. पुढच्या काळातल्या संतचरित्रकारांना हे भान नेहमी राहिले नाही. छळाच्या वर्णनात ते इतके रमतात, की तो माणूस आयुष्यभर काय करत होता हे विचारायचेच राहून जाते. वसईच्या गोन्सालो गार्सियांचेही थोडेफार असेच झाले. 1597 साली नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर मारले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या फ्रान्सिस्कन बांधवांनी क्योतोत कुष्ठरोग्यांसाठी चालवलेले रुग्णालय क्वचितच कुणाला आठवते.

अल्जीरियातल्या तिबहिरीन मठाची गोष्ट मला म्हणूनच मोलाची वाटते. हे ट्रॅपिस्ट मठवासी होते. मरेपर्यंत आपल्या मठाशी बांधून राहायचे, हे त्यांच्या व्रतांपैकी एक. आसपास सगळी मुस्लिम वस्ती. कुणाला बाटवायचे नाही. शेती करायची, ठरल्या वेळी प्रार्थना म्हणायची. ब्रदर ल्यूक हे डॉक्टर 1946 पासून तिथे होते आणि दारात येईल त्याला तपासत. यादवी पेटल्यावर सशस्त्र गटांनी परकीयांना 1 डिसेंबर 1993 पर्यंत देश सोडण्याची मुदत दिली. त्या महिन्यात मठाजवळच बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले आणि नाताळच्या आदल्या रात्री बंदूकधारी मठाच्या दारात उभे राहिले. त्यांना डॉक्टर आणि औषधे हवी होती. मठाधिपती क्रिस्तियाँ द शेर्जे यांनी सांगितले, ल्यूक म्हातारे आहेत, डोंगरात येणार नाहीत. जखमींना दवाखान्यात आणा.

त्यानंतर मठात जी चर्चा झाली ती मला या मठवासींना पुढे आलेल्या मृत्यूहून मोठी वाटते. जावे असे काहींना वाटत होते आणि ते भित्रे नव्हते. शेवटी राहायचे ठरले. शेजारी कुठे निघून जाऊ शकत होते? त्यांना जाता येत नसताना आपण जायचे, हे त्या व्रतात बसेना.

शेर्जे यांनी आपल्या संभाव्य मृत्यूविषयी एक पत्र लिहून ठेवले होते. असे मरण आपल्याला नको आहे, हे त्याचे सार. कारण आपल्या रक्ताचा दोष ज्यांच्यावर जीव जडला त्या लोकांच्या माथी मारला जाईल. मारणाऱ्यालाही त्यांनी आधीच मित्र म्हटले आणि त्याची स्वर्गात भेट व्हावी अशी इच्छा धरली. हुतात्म्याच्या तेजासाठी दुसऱ्या कुणाला तरी खुनी व्हावे लागते, हा हिशेब आपल्या गौरवगीतांत सहसा मांडला जात नाही. शेर्जे यांनी तो मांडला. त्यामागे एक ऋण होते. 1959 साली ते सैन्यात असताना एका मुस्लिम ग्रामरक्षकाने त्यांना वाचवले आणि त्यापायी दुसऱ्याच दिवशी त्याला स्वतःचा जीव गमवावा लागला. ख्रिस्ताचे बलिदान त्यांना त्या माणसाच्या रूपाने भेटले होते. कोणत्या धर्माचा हुतात्मा म्हणायचे त्याला?

1996 च्या मार्चअखेरीस मठातल्या सात जणांना पळवून नेले. मे महिन्यात त्यांची फक्त शिरे सापडली. एका सशस्त्र गटाने जबाबदारी घेतली, पण प्रत्यक्षात काय घडले याचा वाद अजून मिटलेला नाही. 2018 साली ओरानमध्ये चर्चने त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले.

मठातले आणखी दोघे त्या रात्री अपहरणकर्त्यांच्या हाती लागले नाहीत. त्यांपैकी झाँ-पियेर मोरोक्कोतल्या मठात तीच प्रार्थना म्हणत, मुस्लिम शेजाऱ्यांत 2021 पर्यंत जगले. 2019 साली रबातमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या हाताचे चुंबन घेतले. धन्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्या यादीचा निकष रक्त आहे, त्याला इलाज नाही.