बदलती अंगे आणि टिकणारे उत्तरदायित्व

मलकापूर परिसरातील काळी, कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरचा रस्ता एकदा बांधून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा घडवावा लागतो. सुरतेकडून भुसावळ, मलकापूर, अकोला व अमरावतीमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाचा मुरूम, खडी आणि डांबर अनेकदा बदलले, त्याचा क्रमांक 6 होता तो 53 झाला, आणि जून 2022 मध्ये अमरावती–अकोला टप्प्यात 75 किलोमीटरचा डांबरी थर पाच दिवसांच्या आत सलग अंथरला गेला. तरीही लोकव्यवहारात तो रस्ता तोच राहिला. घटक बदलूनही वस्तू तीच कशी राहते, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो.

रस्ता घडवणाऱ्या यंत्राबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ग्रेडर म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये तिरके फिरवता येणारे लांब पाते असलेले यंत्र. ते उंचवटे कापते, खळगे भरते आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार देते. जमिनीला भिडणारी पात्याची धार झिजण्यासाठीच बसवलेली असते आणि झिजली की बदलली जाते. म्हणजे ज्या अंगाने यंत्राचे मुख्य कार्य घडते, तेच सर्वांत अल्पायुषी असते.

स्वीडनमधील जुन्या ग्रेडरांच्या निर्मात्याचा इतिहासही असाच आहे. 1832 मध्ये एस्किल्स्टुना येथे थेओफ्रोन मुंकटेल यांनी काढलेला कारखाना आणि 1844 मध्ये स्टॉकहोम येथे बोलिंडर बंधूंनी सुरू केलेला कारखाना 1932 मध्ये एकत्र येऊन 'बोलिंडर-मुंकटेल' ही कंपनी झाली. 1950 मध्ये ती व्होल्वोने विकत घेतली, 1973 मध्ये 'व्होल्वो बीएम' हे नाव आले आणि 1990 च्या दशकात 'बीएम' ही दोन अक्षरेही गळाली. मालक, कामगार आणि नाव सारे बदलले असता, जुने यंत्र घडवणारी संस्था आजही आहे असे कोणत्या अर्थाने म्हणावे?

न्याय-वैशेषिक दर्शनाच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली संपूर्ण वस्तू, भागांहून वेगळी आणि खरी असते. परंतु एक भाग निघाला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असेही त्या मताला मानावे लागते. बौद्ध परंपरेने वेगळा मार्ग घेतला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतात की आस, चाके किंवा जू यांपैकी एकही रथ नव्हे, तर त्यांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारात 'रथ' हे नाव मिळते. याच संवादाची स्मृती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी छत्रपती संभाजीनगर येथे उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आणि त्याच्या नागसेनवन परिसराच्या नावांत जपली गेली आहे.

रथाच्या दृष्टान्तातून सारे केवळ नाममात्र आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अपुरे ठरते, कारण त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्या माणसाचाही दृष्टान्त आहे. आपण नेलेले आंबे मालकाने लावलेले आंबे नव्हेत, असा त्याचा बचाव टिकत नाही. नेलेली फळे लावलेल्या आंब्यापासूनच उत्पन्न झाली, म्हणून तो दोषी ठरतो. नित्य द्रव्य नसले तरी कार्यकारणाची अखंड साखळी, म्हणजे संतती, असते आणि उत्तरदायित्व त्या साखळीतून पुढे जाते, असा याचा गाभा आहे.

हा विचार मान्य केला तर 'तेच' या शब्दाला नैतिक अर्थ लाभतो. जी संस्था पूर्वजांच्या कौशल्याचा लौकिक स्वतःचा म्हणून सांगते, तिने त्यांच्या उणिवांचे ओझेही स्वीकारले पाहिजे. जे शासन रस्त्याचे श्रेय घेते, त्याने आधीच्या शासनाच्या काळात खचलेल्या भागाची दुरुस्तीही आपली मानली पाहिजे. खंडेनवमीला अवजारांची आणि यंत्रांची पूजा होते, तिचेही मर्म याच दृष्टीने उलगडते: पूजेचा विषय लोखंडाचा तुकडा नसून, अनेक हातांनी चालत आलेल्या कामाची ती परंपरा असते. त्या परंपरेला वंदन करणारा तिचा लाभार्थी असतोच, पण वंदनाने तो तिचा ऋणकोही होतो, आणि हे ऋण पुढचे काम चोख करूनच फिटते.