मोजण्याआधी थांबवणे

मॉनिटरचे रंग मोजणारे कलरीमीटर पडद्यावर टेकवण्याआधी जी कामे करायची असतात, त्यांत बंद करायच्या गोष्टीच अधिक. रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद. खोलीतल्या उजेडानुसार आपोआप कमीजास्त होणारी चमक बंद. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद. सिनेमा, गेम, 'व्हिव्हिड' असले मोड सोडून मूळ सेटिंग. स्क्रीनसेव्हरलाही तेवढ्यापुरती सुट्टी. मग कोरड्या मऊ कापडाने पडदा पुसायचा आणि निदान अर्धा तास तो तसाच चालू ठेवायचा, कारण तापून स्थिरावेपर्यंत त्याची चमक आणि रंग हलत राहतात.

या सगळ्यामागे एकच कारण आहे. कॅलिब्रेशनचे सॉफ्टवेअर ठरावीक रंगांचे चौकोन एकामागून एक दाखवते, प्रत्यक्षात उमटलेला रंग यंत्र वाचते आणि दोन्हींतल्या फरकावरून दुरुस्ती ठरते. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असेल, तर गडद चौकोन आला की मॉनिटर परस्पर मागचा दिवा मंद करतो. मग यंत्र जे मोजते, ते पुढच्या क्षणी राहिलेलेच नसते. या सोयी काही वाईट हेतूने आलेल्या नाहीत. दुकानात रांगेने मांडलेल्या पडद्यांत उठून दिसावे, रात्री डोळ्यांना बरे वाटावे, यासाठी त्या आहेत. पण जो सतत समोरच्याला रुचेल असे वागतो, त्याचे माप घेता येत नाही.

हाच दोष आपल्या डोळ्यांतही आहे. पिवळ्या बल्बखाली कागद आपल्याला पांढराच वाटतो, कारण मेंदू प्रकाशाची छटा वजा करून टाकतो. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिवस्त्रे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. तपासाअंती त्यांना आढळले की धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. 1839 साली त्यांनी या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. म्हणून पडद्यामागची भिंत भडक नको, डेस्कटॉपवर रंगीत फोटोऐवजी करडी पार्श्वभूमी हवी, खिडकीचा उजेड काचेवर पडायला नको. यंत्र डोळ्यांसारखे जुळवून घेत नाही. त्याची साक्ष ग्राह्य धरायची ती एवढ्यासाठीच.

एवढे करून पडदा 'खरा' रंग दाखवू लागतो का? आपण त्याला 6500 केल्विनचा पांढरा, 2.2 गॅमा (म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) आणि चौरस मीटरला 80 ते 120 कँडेला एवढी चमक असे लक्ष्य देतो. यातला एकही आकडा निसर्गाने घालून दिलेला नाही. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडलेल्या एसआरजीबी या रंगांच्या प्रमाणात 80 कँडेलाच गृहीत आहेत, तेही मंद उजेडाच्या खोलीत. उलट छपाईच्या व्यवसायात नमुने 5000 केल्विनच्या आसपासच्या प्रकाशात पाहण्याचा प्रघात आहे. म्हणजे पांढरा कशाला म्हणायचे, हेसुद्धा कामागणिक ठरवावे लागते.

तरीही हे ठरवणे मनमानी नाही. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला छापून आलेला अंक काळवंडलेला वाटतो, तेव्हा दोष बहुधा छापखान्याच्या शाईपेक्षा त्याच्या भगभगीत पडद्याचा असतो. चित्रकार आणि छापखाना यांनी आपापले पडदे एकाच मापाला लावले असतील, तर 'लाल जरा उतरवा' या सूचनेचा दोघांना एकच अर्थ लागतो. मग मतभेद उरलाच, तर तो आवडीनिवडीचा असतो, आणि त्यावर बोलता येते. मात्र मागचा दिवा जुना होत जातो, तसे हे माप पुन्हा ढळते. कराराचे नूतनीकरण करावे, तसे अधूनमधून ते नव्याने लावावे लागते.