पाताळाचे ओझे

ग्रीक मिथकातील हेडीझ हा दुष्टतेचा देव नव्हे. ‘इलियड’नुसार तीन भावांत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि पाताळ त्याच्या वाट्याला आले. पर्सेफनीच्या अपहरणाचा कलंक त्याला आहेच. परंतु न निवडलेले पद तो टाकून देत नाही. स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांच्या ‘थॉर’ या चित्रकथेत (१९६६) नेमके हेच उलटते. प्लूटो या नावाने अवतरलेला हा देव चित्रपटाच्या कराराच्या मिषाने हर्क्युलिसच्या माथी पाताळाचे राज्य मारतो. थॉर ते उद्ध्वस्त करू लागताच मात्र करार रद्द करतो. म्हणूनच त्याला निव्वळ खलनायक म्हणणे अपुरे ठरते. लादलेल्या कर्तव्याचा उबग येणे हा अपराध नव्हे. ते फसवून दुसऱ्यावर लादणे हा अपराध होय. येथे दुष्ट आहे ती फसवणूक, मृत्यू नव्हे.