कधी जातं?

"काकू, चालू हाय की आता!" केबलवाल्याचा पोरगा तिसऱ्या खेपेलाही हेच म्हणाला. नेटच्या डब्यावरचा दिवा हिरवा होता, हे खरंच. रात्री पाऊस आला आणि पुन्हा लाल झाला.

वायरीत पाणी शिरतंय, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पोरानं एका दुपारी डबा बदलला, अडॅप्टर बदलला, टोकाचा हिरवा कनेक्टरही नवा बसवला. चार दिवस बरं चाललं. कशामुळं चाललं, ते ना त्याला कळलं ना मला.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या गावाचा कान बिघाडावर असतो. आमचे माग चालू होते तेव्हा जोडारी यायचा, तो आधी पान्याला हात लावत नसे. मागावरच्या माणसाला विचारायचा, "कवा थांबतोय?" एखादं सूत तुटलं तर गाठ मारून माग पुढं चालू करता येतो. पण त्याच जागी सूत पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर गाठी मारत बसून भागत नाही. फणीचा एखादा दात खरखरीत झालेला असतो, नाहीतर धोट्याला खाच पडलेली असते. ती बोटानं चाचपून शोधावी लागते.

मी कालनिर्णयच्या चौकटीत वेळा लिहायला लागले. नेट कधी गेलं, कधी आलं, तेव्हा घरात काय चाललं होतं. पंधरा दिवसांत बहुतेक नोंदी पावसाच्याच निघाल्या. एक मात्र वेगळी होती. रविवार, लख्ख ऊन, नणंदेची मुलं आलेली, आणि अकरा ते पाच नेट बंद. त्या दिवशी मुलं गच्चीवर जाऊ नयेत म्हणून सासूबाईंनी जिन्याच्या दाराला कडी घातली होती. पाऊस आला की त्या तीच कडी घालतात. एरवी दार अर्धवट उघडंच असतं.

पोराला पुन्हा बोलावलं. तो खाली वायरीतला प्रकाश मोजायचा मीटर लावून बसला, मी वर गेले. दार उघडं होतं तेव्हा वजा 21. कडी घातली. "वजा 29, काकू!" खालून ओरडला. म्हणजे प्रकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा उरला होता. साधारण वजा 27 च्या खाली गेलं की डब्याला तो ओळखता येत नाही. काळी वायर चौकटीच्या कोपऱ्यातून आत आली होती आणि दारानं दाबून तिथं चपटी झाली होती. आतली काच केसासारखी बारीक असते. पाण्याचं तिला सहसा काही वाटत नाही, पण ती जास्त वाकली की प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो.

महिनाभर मी त्या पोराला फोनवर "सारखं जातंय" एवढंच सांगत होते. त्यावरून त्यानं काय शोधायचं? "कडी घातली की जातं" हे सांगितल्यावर त्याला वीस मिनिटं पुरली.

त्यानं चौकटीचा कोपरा कानशीनं घासून वायरीला वाट करून दिली, चपटा तुकडा काढून नवा जोडला. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आल्या, दार ओढलं, कडी घातली आणि खाली हाक मारली, "बघ गं, दिवा कसला हाय?"

हिरवा होता.