मंद वाणी ऐकणारे कान

मननासाठी वचनभाग : 1 राजे, अध्याय 19

होरेब पर्वतावर एलीया संदेष्ट्यासमोरून प्रथम प्रचंड वारा गेला, मग भूमिकंप झाला, मग अग्नी दिसला. परंतु देव त्याच्याशी बोलला तो ह्या सर्वांनंतर, अगदी मंद वाणीने. मंद वाणी ऐकण्यास काय लागते, ह्याचा एक दाखला आपल्याच महाराष्ट्रात उभा आहे. तो आम्ही वाशी व आसपासच्या मंडळ्यांपुढे ठेवू इच्छितो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने एक विशाल रेडिओ दुर्बीण उभारली गेली. ती डोळा लावून पाहण्याची दुर्बीण नव्हे; आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारा तो जणू एक कान आहे. तिच्या 30 तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे, व त्या सुमारे 25 किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत.

19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर! त्याचा क्षीण संदेश पृथ्वीसाठी नव्हताच. तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता. तरी खोडदच्या दुर्बिणीने तो टिपला. मात्र यान जमिनीस लागण्यापूर्वीच तो संदेश थांबला. पुढे चौकशीत आढळले की, एका मापनयंत्राच्या क्षणभराच्या बिघाडामुळे यानाच्या संगणकाने आपण जमिनीवर पोहोचलो असे मानले, हवाई छत्री वेळेआधी सुटली, व यान आदळले.

ह्यापासून आपण काय शिकावे? पहिले हे की, ऐकावयाचे तर गोंगाट आवरला पाहिजे. मानवी रेडिओ-गोंगाट कमी होता, म्हणूनच ती जागा दुर्बिणीसाठी निवडली गेली. दुसरे, तबकड्या अनेक, पण ऐकणे एक. मंडळीचे ऐकणे एकट्या पाळकावर सोडून भागत नाही. तिसरे, जो शब्द आपणास उद्देशून नाही, तोही ऐकावा.

आपल्या ह्या दुष्काळी मुलखात कर्जाने खचलेला शेतकरी बंधू आपले दुःख मोठ्याने सांगत नाही. उपासनेस तो मागे बसतो, पारावर थांबत नाही, विचारले तर "बरे आहे" म्हणतो. आणि हळूहळू अगदीच गप्प होतो. तिकडे यानाचा शब्द थांबला तेव्हा कोटी कोसांवरून हात देता येत नव्हता. इकडे त्याचे घर दोन गल्ल्यांपलीकडे आहे! तो गप्प होण्याआधी आपण त्याच्या दारी जावे. उपदेश मागाहून; आधी त्याच्याजवळ बसावे व ऐकावे.

ज्याने एलीयाला मंद वाणी ऐकविली, तो प्रभू आपले कान उघडो. आमेन.