प्रेमोच्चार, परभाषा आणि उत्तरदायित्व

१

‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मराठी कादंबरीत जितक्या सहजपणे येते तितक्या सहजपणे ते मराठी घरात उच्चारले जात नाही. उलट, ज्यांच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात एकदाही निघाले नाही अशी अनेक माणसे ‘आय लव्ह यू’ विनासायास म्हणतात. यावरून सामान्यतः दोन निष्कर्ष काढले जातात. मराठी भाषक प्रेमाच्या बाबतीत संकोची आहे हा पहिला; आणि परभाषेतील हा उच्चार उसना, म्हणून पोकळ आहे, हा दुसरा. पहिला समाजशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवता येईल. दुसऱ्यात मात्र एक नैतिक निवाडा दडलेला आहे, आणि तो तपासून घेणे अगत्याचे आहे. परभाषेत दिलेल्या प्रेमाच्या कबुलीने बोलणारा कितपत बांधला जातो?

परभाषा येथे नेमके काय करते, हे आधी पाहू. ‘मला तू आवडतेस’ या वाक्यात क्रियापद ‘तू’प्रमाणे चालते, बोलणारा ‘मला’ या रूपात केवळ अनुभव घेणारा उरतो. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ यात बोलणारा षष्ठीत जातो आणि प्रेम जणू एखाद्या वस्तूसारखे समोरच्या व्यक्तीवर ठेवलेले असते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असे म्हणता येते. पण अनेकांच्या कानाला ते अनुवादासारखे लागते. शिवाय मराठीत बोलणाऱ्याला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत निवड करावी लागते. नवऱ्याला ‘अहो’ म्हणून हाक मारणाऱ्या आणि त्याचे नाव केवळ उखाण्यात घेणाऱ्या स्त्रीपुढे ही निवड साधी नव्हती. त्या सर्वनामात दोघांच्या नात्याची सारी उतरंड सामावलेली होती. इंग्रजीतील ‘यू’ ही निवडच काढून टाकते. तेव्हा परभाषा केवळ संकोच दूर करते असे नाही, तर स्वभाषेने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यापासून ती बोलणाऱ्याची सुटका करते. पोकळपणाचा आरोप येतो तो याच ठिकाणी.

२

या आरोपाला सर्वांत बळकट आधार देणारा प्रसंग तोलस्तोयच्या ‘युद्ध आणि शांती’ (१८६५–६९) या कादंबरीत आहे. प्रिन्स वासिलीने रचलेल्या व्यूहात सापडलेला पिएर हेलेनसमोर एकटा बसला आहे. अशा वेळी काहीतरी विशिष्ट बोलायचे असते एवढे त्याला आठवते, आणि तो फ्रेंचमध्ये प्रेमाची कबुली देतो. ते शब्द त्याच्याच कानाला इतके दरिद्री वाटतात की त्याला स्वतःची लाज वाटते. रशियन उमराववर्गाची फ्रेंच ही येथे तयार पोशाखासारखी आहे. आत शरीर असो वा नसो, पोशाख उभा राहतो.

परंतु हा प्रसंग येथे संपत नाही. पुढे विवाह मोडकळीस येतो, दोलोखोवशी द्वंद्वयुद्ध होते आणि पिएर आपला अपराध शोधू लागतो. तेव्हा त्याला तेच फ्रेंच शब्द आठवतात. साऱ्या अनर्थाचे मूळ त्या उच्चारात होते, आणि तो करण्याचा आपल्याला अधिकार नव्हता, असे तो स्वतःला बजावतो. ते फ्रेंचमध्ये होते, रीतीपुरते होते, ही सबब तो पुढे करीत नाही. जे. एल. ऑस्टिनने १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत हीच पळवाट बंद केली होती. जिभेने घेतलेल्या शपथेत मन सामील नव्हते, हा युरिपिडीसच्या हिप्पोलिटसचा बचाव मान्य केला, तर प्रत्येक वचनभंग करणाऱ्याला सुटकेचे दार मोकळे होते, हा त्याचा मुद्दा. ‘ते मी नव्हे, ती परभाषा बोलली’ ही हिप्पोलिटसच्याच बचावाची आधुनिक आवृत्ती होय.

म्हणजे शब्द पोकळ होते हे खरे, आणि त्यांनी पिएरला बांधले हेही खरे. उच्चाराची सत्यता आणि त्याचे बंधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोकळपणाचा आरोप करणारे त्यांची गल्लत करतात.

३

परभाषेतील उच्चार मुळातच असत्य असतो काय? येथे पुश्किनची तात्याना आडवी येते. ‘येव्गेनी ओनेगिन’च्या तिसऱ्या प्रकरणात ती ओनेगिनला जे पत्र लिहिते ते फ्रेंचमध्ये आहे, वाचकापुढे येते ते निवेदकाने केलेले रशियन भाषांतर, आणि ते अपुरे व दुबळे असल्याची कबुली निवेदकच देतो. तात्यानाची केवळ भाषाच उसनी नाही, तिच्या भावनेचा साचाही उसना आहे. कादंबऱ्यांतील क्लॅरिसा, जूली, देल्फीन यांच्या जागी ती स्वतःला पाहते. तरीही त्या पत्राच्या खरेपणाविषयी वाचकाच्या मनात शंका येत नाही. रशियन रूपातील हे पत्र आदरार्थी सर्वनामाने सुरू होते, मध्येच एकेरीवर उतरते आणि शेवटी पुन्हा आदरार्थी होऊन ओनेगिनच्या सचोटीवर स्वतःला सोपवते. पिएर आणि तात्याना, दोघांची भाषा फ्रेंच आणि दोघांचे शब्द आयते. भेद भाषेत नाही. एक जण त्या शब्दांच्या आड लपतो, दुसरी त्यांच्यासह उघड्यावर येते.

मातृभाषा म्हणजे हृदयाची भाषा हे समीकरण अनुभवाच्या पातळीवरही पुरते टिकत नाही. ज्याँ-मार्क देवाले यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,४५९ बहुभाषकांना, प्रेमाची कबुली कोणत्या भाषेत अधिक वजनदार वाटते, असे विचारले होते. सुमारे निम्म्यांनी पहिली भाषा सांगितली, सुमारे एक तृतीयांशांना पहिली व नंतरची भाषा सारख्याच वाटल्या, आणि सुमारे एक चतुर्थांशांना नंतर शिकलेल्या भाषेतील उच्चारच अधिक प्रभावी वाटला. ज्या भाषेत माणूस प्रेम जगतो ती भाषा त्याच्यासाठी वजन कमावते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४

मग परभाषेच्या बाबतीत नैतिक धोका कोणता? टोमास मानच्या ‘जादूचा पर्वत’ (१९२४) या कादंबरीतील हान्स कास्तोर्प तो निःसंकोचपणे सांगून टाकतो. कार्निव्हलच्या रात्री तो क्लावदिया शोशाशी फ्रेंच बोलू लागतो. तो जर्मन, ती रशियन. फ्रेंच बोलणे म्हणजे आपल्यासाठी स्वप्नात बोलण्यासारखे, जबाबदारीवाचून बोलणे आहे, असे तो तिला सांगतो. एकेरी संबोधनही तो त्या रात्रीच्या मोकळिकीच्या आधाराने उचलतो.

परंतु सर्वनाम त्याला सोडत नाही. ती पेपरकोर्नसह परतते तेव्हा तिला चारचौघांत एकेरीत हाक मारणे अशक्य, आणि त्या रात्रीनंतर आदरार्थी संबोधन जिभेवर येत नाही. म्हणून तो तिला थेट संबोधणेच टाळू लागतो. वृद्ध पेपरकोर्नच्या नजरेतून हे टाळणे सुटत नाही, आणि अखेर कास्तोर्पला सारे सांगावे लागते. जी जबाबदारी परभाषेत सोडून दिली असे त्याला वाटले, ती स्वभाषेतील एका न उच्चारलेल्या शब्दातून परत आली.

५

येथे एक आक्षेप संभवतो. मराठी आणि तमिळ भाषकांच्या संसारात इंग्रजी हीच एकमेव सामाईक भाषा असेल, तर त्यांना परतण्यासाठी स्वभाषा कुठली? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे आपला मुद्दा अधिक नेमका होतो. जबाबदारी मातृभाषेकडे परतण्यात नाही, भाषांतराला तयार असण्यात आहे. प्रेमाचा उच्चार ऐकणाऱ्या व्यक्तीला एक अधिकार प्राप्त होतो: ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याचा. हा प्रश्न ती तिच्या भाषेत विचारील, स्वयंपाकघरात विचारील, आजारपणात विचारील. त्याचे उत्तर देताना ‘यू’चे ‘तू’ करायचे की ‘तुम्ही’, आणि तिला ‘तू’ म्हणताना तिच्याकडूनही ‘तू’ ऐकून घ्यायचे की नाही, हे ठरवावेच लागते. जो हे भाषांतर करीत राहतो त्याचा परभाषेतील उच्चारही त्याचा स्वतःचा होतो. जो नाकारतो त्याचा मातृभाषेतील उच्चारही उसनाच राहतो.

या दृष्टीने पाहता, ‘आय लव्ह यू’ म्हणणाऱ्या मराठी पुरुषाला ते मराठीत का म्हणत नाहीस, असे विचारणे गैर आहे. त्याला विचारायचे ते इतकेच की, पत्नीने उद्या त्याचा मराठी अर्थ मागितला, तर तो तिला काय सांगणार आहे.