बाग तीच की नवी?

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली ठोसरांच्या घरात जन्मलेला नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप करत राहिला. घर, अंगण, परसू सगळं मागे सोडलेल्या याच माणसाने पुढे ‘बागप्रकरण’ रचलं. बागेत काय काय लावावं, याची ती लांबच लांब यादी. तिची सुरुवात मोगऱ्या-चाफ्याने होत नाही. हिवर, खैर, सागरगोटी अशा काटेरी झाडांनी होते. गुरं शिरली तर बाग एका रात्रीत संपते, हे जाणणाऱ्याचीच ही यादी. संन्यस्त माणसाला झाडांची एवढी बारीक माहिती असावी, यात विसंगती काहीच नाही. मालकी सोडली म्हणजे निगा सोडली असं होत नाही.

घराच्या मागची एखादी जुनी बाग पुन्हा उभी करायची म्हटली की हा भेद कामाला येतो.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना परसबाग असायची. मोरीचं सांडपाणी चरातून जायचं ते अळूच्या आणि कर्दळीच्या बुडाशी, पुढे केळीला. आडाचं पाणी शेंदून तुळशीला, देवाच्या फुलांसाठी लावलेल्या तगरीला, जास्वंदीला. कोपऱ्यात कडुलिंब, भिंतीला टेकून शेवगा. मग आड आटला, वाटण्या झाल्या, पोरं संभाजीनगर-पुण्याला गेली. आता एखादा नातू परत येतो आणि आजोबांची बाग जशीच्या तशी हवी म्हणतो. पण जुनं एकही झाड उरलेलं नसताना, नव्या रोपांच्या त्या बागेला ‘तीच’ म्हणायचं कशाच्या आधारावर?

जांबने हा प्रश्न वेगळ्या रूपात अनुभवला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. नव्या घडवून बसवता आल्या असत्या, पण गावाला त्याच मूर्ती हव्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या पूजलेल्या. ऑक्टोबरात पोलिसांनी त्या परत मिळवल्या. मूर्तीच्या बाबतीत ‘तीच’ या शब्दाला धातूचा आधार असतो. बागेला तो नाही. मोगरा दरवर्षी छाटावा लागतो, केळ एकदा व्याली की कापावी लागते. आजोबांच्या हयातीतसुद्धा बाग कधी जशीच्या तशी राहिली नव्हती.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात पुनर्जन्मावर वाद चालतो. नागसेन आंबाचोराचं उदाहरण देतो. पकडला गेलेला चोर म्हणतो, याने लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. माझा गुन्हा काय? चोर दोषीच ठरतो, हे राजाच कबूल करतो, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यातूनच आले. गीतेतल्या देहीसारखा न बदलणारा आत्मा नागसेनाला इथे लागत नाही. कारणांची साखळी अखंड असली की जबाबदारी सुटत नाही, एवढं त्याला पुरतं. परसबागेच्या प्रश्नात हेच उत्तर जास्त खरं वाटतं.

जालन्याच्या मोसंबीवाल्याला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बागायतदार मोसंबी बियांपासून वाढवत नाहीत. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर जुन्या झाडाचा डोळा बांधतात, आणि तो डोळा फुटला की झाड पुढे चालू राहतं. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या. कोणी टँकरचं पाणी घालून झाडं जगवली, कोणी कुऱ्हाड लावली आणि पाऊसकाळ सुधारल्यावर नवी कलमं आणली.

साखळी अखंड ठेवतो कोण? इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला ट्रेमेन घराण्याची हेलिगन नावाची बाग आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिची निगा थांबली आणि ती रानाने गिळली. 1990 नंतर ती पुन्हा उभी राहिली. साफसफाईत एका पडक्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली माळ्यांची नावं सापडली, सोबत ‘ऑगस्ट 1914’. बरेच जण युद्धावरून परतलेच नाहीत. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी मालकाच्या घराण्याऐवजी या माळ्यांना कथेच्या मध्यभागी आणलं, हे त्यांचं फार मोठं काम. अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला, असं वारकरी सांगतात. मळा राखणाऱ्याची थोरवी आपल्याकडेही जुनीच आहे. आपल्या वाड्यांच्या आठवणींत मात्र पाणी शेंदणाऱ्या गड्याचं आणि शेणपाणी करणाऱ्या बाईचं नाव क्वचितच येतं.

ही साखळी तुटली की नाव तेवढं उरतं. पुण्याची तुळशीबाग तर नावापुरतीच बाग. खासगीवाल्यांच्या बागेच्या जागी नारो आप्पाजी खिऱ्यांनी 1761 पासून राममंदिर उभारलं, भोवती बाजार वाढला. देव राहिला, तुळशी गेल्या.

घनसावंगीकडे असा परसू पुन्हा उभा करायचा असेल, तर नर्सरीतून हिरवळीचे गालिचे आणणं हा सरळ अधर्म ठरेल. शेजारी हंडे रांगेत असताना त्या हिरवळीला घालायचं पाणी कुणाच्या वाट्याचं? आधी आडातला गाळ काढावा, छपराचं पाणी आडात सोडावं, मोरीचा चर मोकळा करावा, काटेरी कुंपण घालावं. आणि रोपं आणण्याआधी, ज्यांच्या आजीने त्या आडाचं पाणी शेंदलं त्यांच्या घरी जाऊन बेल नेमका कुठे होता ते विचारावं. वाटणीच्या कागदात झाडं नोंदलेली नसतात, त्यांच्या बोलण्यात ती असतात.